हार्नेस कुणाच्या मापाचा? पॅराशूटच्या पट्ट्यांचा छोटा इतिहास

"ताई, आज नको. हा हार्नेस तुम्हाला बसत नाहीये."

तीन वर्षांपूर्वी, सकाळी साडेसहा वाजता, एका हवाईपट्टीच्या कडेला मी हे वाक्य ऐकलं. पैसे साठवून मी टॅन्डम जम्पचं बुकिंग केलं होतं. टॅन्डम म्हणजे पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर असतं, तुम्ही त्याच्या पुढ्यात बांधलेले असता आणि तुमच्या अंगावर असतो तो नुसता पट्ट्यांचा साज. माझी उंची ४ फूट १० इंच, वजन ४२ किलो. प्रशिक्षकानं एकेक पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढला, उरलेली लांबच लांब टोकं गुंडाळून रबरात खोचली. मग मला कमरेत वाकायला सांगितलं आणि मागून पट्ट्याखाली हात घालून पाहिला. त्याची अख्खी मूठ आरामात आत गेली. दोनदा पाहिलं, मान हलवली आणि वरचं वाक्य म्हणाला.

मला भयंकर राग आला. फॉर्मवर जास्तीत जास्त वजन किती चालेल ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. कमीत कमी किती हवं, याबद्दल चकार शब्द नव्हता. पैसे परत मिळाले, पण परतीच्या बसमध्ये डोक्यात एकच घोळत होतं: पट्टे तर 'अॅडजस्टेबल' होते ना? मग अडलं कुठं?

तुमच्यापैकी जे हा ब्लॉग आधीपासून वाचताय त्यांना माहीत आहे, की मी तंत्रज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी. करते आहे. माणसांची शरीरं मोजण्याची पद्धत गेल्या शंभर वर्षांत कशी बदलली आणि त्या मापांवरून वस्तू कशा घडल्या, हा माझा विषय. त्या सकाळचा प्रश्न माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा प्रश्न होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं. आज त्याच प्रकरणातला थोडा भाग तुम्हाला सांगते.

'बसणं' म्हणजे नेमकं काय

आधी यंत्र समजून घेऊ. पोटावर झोपल्यासारखं पडणारं माणूस साधारण ताशी १९० किलोमीटर वेगानं खाली येत असतं. पॅराशूट उघडलं की तीन-चार सेकंदांत हा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास येतो. त्या क्षणी अंगावर वजनाच्या तीन-चार पट भार येऊ शकतो. माझ्यासारख्या ४२ किलोच्या बाईसाठी हा भार म्हणजे ५० किलोची तीन पोती. ती तीन पोती शरीराच्या नेमक्या कुठल्या भागावर टेकणार, हे हार्नेस ठरवतो.

सगळ्यात महत्त्वाचा पट्टा म्हणजे मेन लिफ्ट वेब. खांद्यापासून कमरेच्या सांध्यापर्यंत छातीच्या दोन्ही बाजूंनी उतरणारे हे दोन उभे पट्टे. वर ते पॅराशूटच्या रायझरना जोडलेले असतात, खाली त्यांना मांडीपट्टे जोडलेले असतात. कमरेपासून पाठीवरच्या पिशवीकडे जातात ते आडवे पट्टे, त्यांना लॅटरल म्हणतात. आणि समोर एक छातीपट्टा. खरा भार घेतात मांडीपट्टे आणि उभे पट्टे. छातीपट्ट्याचं मुख्य काम वेगळं आहे: दोन उभे पट्टे खांद्यावरून बाहेर घसरू न देणं.

आता ब्लाउज शिवायला टाकताना काय होतं ते आठवा. शिंपी तुमचं वजन विचारत नाही. तो छाती मोजतो, कंबर मोजतो, खांदा मोजतो, मुंढा मोजतो, पाठीची उंची मोजतो. सारख्याच वजनाच्या दोन बायकांना एकमेकींचा ब्लाउज बसेलच असं नाही. हार्नेसचंही अगदी तसंच आहे. उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं. उभ्या पट्ट्याची लांबी ठरते ती धडावरून. तिथे एका इंचाचा फरकसुद्धा जाणवतो.

उभा पट्टा लांब पडला तर उभं राहिल्यावर काही वाटत नाही, उलट मोकळं मोकळं वाटतं. पण हवेत लटकलात की शरीर पट्ट्यांतून खाली सरकतं आणि सगळा साज वर चढतो. खांद्याच्या खोलगट जागी बसायला हव्या त्या धातूच्या कड्या कानांशी येतात, छातीपट्टा गळ्याकडे सरकतो. मुख्य पॅराशूट बिघडलं तर ज्या दोन मुठी ओढायच्या असतात, त्या नेहमीच्या जागी सापडत नाहीत. पट्टा आखूड पडला तर खांदे दाबले जातात, मांडीपट्टे जांघेत रुततात आणि पडताना शरीराची जी मागे वाकलेली कमान हवी ती नीट होत नाही. लॅटरल लांब असतील तर पाठीवरची पिशवी पाठ सोडून डुलायला लागते. माझ्या बाबतीत मूठ शिरली ती नेमकी याच भागात. कमरेशी पोकळी असेल आणि माणूस गुडघे पोटाशी घेऊन दुमडलं, तर ते मागच्या बाजूनं पट्ट्यांतून निसटू शकतं. म्हणून आता अनेक टॅन्डम हार्नेसना मांडीपट्ट्यांना मागून जोडणारा एक जास्तीचा पट्टा असतो.

थोडक्यात, 'घट्ट' आणि 'बसणारा' हे दोन वेगळे शब्द आहेत. पट्टा ओढून घट्ट करता येतो. दोन पट्टे जिथे एकमेकांना शिवलेले आहेत तो जोड मात्र ओढून हलत नाही. त्या जोडाची जागा कुणाच्या शरीरावरून ठरली, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

आधी कोट होता

सुरुवातीला मापाचा प्रश्नच नव्हता. २२ ऑक्टोबर १७९७ला आंद्रे-जाक गार्नराँ पॅरिसमध्ये बलूनमधून खाली उतरला तेव्हा तो पॅराशूटखाली लटकवलेल्या टोपलीत उभा होता. टोपलीला कुणाचंही शरीर चालतं.

विमान आलं आणि टोपली गेली. पॅराशूट माणसाच्या अंगावर आणावं लागलं. अंगावर आणायचं म्हटल्यावर लोकांच्या डोक्यात सगळ्यात आधी काय यावं? कपडा! फ्रान्झ रायशेल्ट हा पॅरिसमध्ये राहणारा शिंपी. त्यानं अंगात घालायचं पॅराशूट शिवलं आणि ४ फेब्रुवारी १९१२ला आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून उडी मारली. पॅराशूट उघडलं नाही, रायशेल्ट जागीच गेला. त्या उडीचं चित्रीकरण आजही उपलब्ध आहे. मी ते एकदाच पाहिलं, पुन्हा पाहवलं नाही.

अमेरिकेत चार्ल्स ब्रॉडविकनं केलेला 'कोटपॅक' मात्र चालला. जाड कापडाचा बिनबाह्यांचा कोट आणि त्याच्या पाठीवर घडी घातलेलं पॅराशूट. तो घालून उड्या मारणारी सगळ्यात प्रसिद्ध व्यक्ती होती जॉर्जिया ब्रॉडविक. सगळे तिला 'टायनी' म्हणत, म्हणजे चिमुरडी. उंची पाच फुटांहून कमी, वजन सुमारे ८५ पौंड, म्हणजे ३८-३९ किलो. माझ्याहून हलकी! नॉर्थ कॅरोलायनात कापडगिरणीत काम करणारी ही मुलगी १९०८ साली, पंधराव्या वर्षी, बलूनमधून उड्या मारायला लागली. २१ जून १९१३ला तिनं लॉस एंजेलिसवर ग्लेन मार्टिनच्या विमानातून उडी मारली. विमानातून पॅराशूटनं उतरणारी ती पहिली बाई मानली जाते. पुढच्याच वर्षी सॅन दिएगोला तिनं अमेरिकन सैन्याला प्रात्यक्षिकं दाखवली. एका उडीत पॅराशूट उघडणारी दोरी विमानाच्या शेपटाशी अडकली, तेव्हा नंतरच्या उडीत तिनं ती दोरी कापून आखूड केली आणि हातानं ओढून पॅराशूट उघडलं.

इथे जरा थांबा. हातानं पॅराशूट उघडण्याच्या इतिहासात अगदी सुरुवातीला जे शरीर दिसतं, ते पाच फुटांहून कमी उंचीच्या बाईचं आहे. लहान शरीर आणि पॅराशूट यांचं मुळात काही वाकडं नव्हतं. कोट अंगाबरोबर शिवला की झालं.

एकच साज, कुणालाही चालणारा

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं ओहायोतल्या डेटनजवळ मॅककुक फील्डवर मेजर हॉफमनच्या हाताखाली पॅराशूटवर काम करणारा गट नेमला. २८ एप्रिल १९१९ला लेस्ली अर्विननं तिथे उडी मारली आणि विमानापासून मोकळा झाल्यावर स्वतःच्या हातानं रिपकॉर्ड ओढली. पॅराशूट झकास उघडलं. उतरताना घोटा मोडला तो भाग वेगळा. या नमुन्यामागे फ्लॉइड स्मिथचं मोठं काम होतं. आज आपण ज्याला पॅराशूट म्हणतो त्याची सुरुवात साधारण इथून धरतात.

सैन्याची गरज सर्कशीतल्या कलाकारापेक्षा वेगळी होती. कोठारात शेकडो पॅराशूटं असणार, आज हा वैमानिक येणार, उद्या तो. प्रत्येकाला मापाचा कोट शिवत बसणार कोण? म्हणून कोट गेला आणि सरकत्या बकलांचे पट्टे आले. एकच साज कुणालाही चालवता यावा, ही कल्पना सोयीची होती. तिनं हजारो जीव वाचवले, हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण पहिल्या मोठ्या प्रसंगातच एक गंमत दिसते. २० ऑक्टोबर १९२२ला मॅककुक फील्डचा वैमानिक हॅरल्ड हॅरिस यानं हवेत मोडत चाललेल्या विमानातून उडी टाकली. त्यानं मूठ ओढली, काही झालं नाही. पुन्हा ओढली, तरी काही नाही. कारण त्याच्या हाती रिपकॉर्डची मूठ आलीच नव्हती, तो मांडीपट्ट्याची कडी ओढत होता. अखेर जमिनीच्या बऱ्याच जवळ आल्यावर खरी मूठ सापडली आणि तो वाचला. पॅराशूटनं जीव वाचलेल्यांच्या 'कॅटरपिलर क्लब'ची सुरुवात या घटनेपासून सांगतात. मला यात दुसरी गोष्ट दिसते. पडणाऱ्या माणसासाठी आपल्या अंगावर काय कुठे आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. आणि 'कुठे' हे मापावर ठरतं.

४,०६३ वैमानिक आणि शून्य

माझ्या प्रकरणाचा मधला भाग वैमानिकांच्या शरीरमापनावर आहे. १९२६ साली अमेरिकन सैन्यानं शेकडो पुरुष वैमानिकांची मापं घेतली, त्यांची सरासरी काढली आणि त्या सरासरीवर कॉकपिट बेतलं. दुसऱ्या महायुद्धात विमानं वेगवान झाली, गुंतागुंत वाढली आणि युद्धानंतर अपघातांचं कोडं सुटेना. शंका आली की वैमानिक १९२६पेक्षा थोराड झालेत, सरासरी नव्यानं काढायला हवी. म्हणून १९५० साली चार हजारांहून जास्त वैमानिकांची डोक्यापासून पायापर्यंत मापं घेतली गेली.

त्या कामावर गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा तरुण लेफ्टनंट होता. हातात पट्टी घेऊन माणसं मोजता मोजता त्याला एक साधा प्रश्न पडला: यातला सरासरी माणूस नक्की कोण? उंची, छातीचा घेर, बाहीची लांबी अशी कॉकपिटच्या दृष्टीनं महत्त्वाची १० मापं त्यानं निवडली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येईल त्याला 'सरासरी' म्हणायचं, इतकी सढळ व्याख्या ठेवली. मग ४,०६३ जणांपैकी दहाही मापांत सरासरी किती जण आहेत ते मोजलं.

उत्तर आलं शून्य. एकही नाही. दहाऐवजी तीनच मापं घेतली तरी साडेतीन टक्क्यांहून कमी लोक उरत.

१९५२ साली त्याचा अहवाल आला आणि सैन्यानं धडा घेतला. वस्तू माणसाप्रमाणे जुळवता आली पाहिजे. सरकणाऱ्या सीट आल्या, जुळवता येणारी पेडलं आली, हेल्मेटचे पट्टे आले. हा किस्सा लोक इथेच संपवतात आणि टाळ्या वाजवतात. मीही बरीच वर्षं तसाच सांगत होते.

मग माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एका बैठकीत विचारलं, "अगं, पण ते ४,०६३ आले कुठून?"

ते सगळे पुरुष होते. आणि नुसते पुरुष नव्हते, फार बुटके आणि फार उंच लोक भरतीच्या वेळीच गाळले गेले होते. जुळवता येणारी वस्तू म्हणजे दोन टोकांमधली सरकपट्टी. डॅनियल्सनं सरासरीचा बिंदू पुसला, पण त्या सरकपट्टीची दोन टोकं गाळून घेतलेल्या पुरुषांच्या शरीरांवर बेतलेली होती. टोकाबाहेरच्या माणसासाठी पट्टा 'अॅडजस्टेबल' असूनही बसत नाही. माझ्या बसमधल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

टोकाबाहेरची माणसं त्या काळात नव्हती असंही नाही. १९४३-४४मध्ये अमेरिकेत वॉस्प या नावानं ओळखल्या जाणाऱ्या १,०७४ बायका सैनिकी विमानं चालवायचं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. टेक्ससमधल्या स्वीटवॉटरच्या तळावर त्यांना अंगात घालायला मिळाले पुरुषांचे ढगळ कव्हरऑल. बाह्या दुमडायच्या, पाय दुमडायचे, कमरेला पट्टा आवळायचा. बायकांनी त्याला 'झूट सूट' असं नाव ठेवून हसून घेतलं. पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून कमी उंचीच्या मुली पाठीमागे उशा घेत. त्या उडल्या, उत्तम उडल्या. पण वस्तू त्यांच्याकडे आली नाही, त्याच वस्तूकडे सरकल्या.

पुन्हा शिंप्याकडे

युद्ध संपलं आणि सैन्याची उरलेली पॅराशूटं स्वस्तात बाजारात आली. गंमत म्हणून आकाशातून उड्या मारणाऱ्यांची पहिली पिढी याच मालावर वाढली. सैनिकी हार्नेस, पाठीवर २८ फुटी गोल पॅराशूट, पोटावर राखीव पॅराशूट. मापं अर्थातच सैनिकाची.

मग दोन-तीन गोष्टी घडल्या. १९६०च्या दशकात डॉमिना जॅल्बर्टनं हवेनं फुगणाऱ्या, पंखासारख्या चौकोनी पॅराशूटची रचना केली. मुख्य आणि राखीव अशी दोन्ही पॅराशूटं पाठीवर एकाच पिशवीत आली. १९७०च्या दशकात बिल बूथनं तीन कड्यांची जोडणी काढली. एकात एक अडकलेल्या तीन कड्या मोठा भार पेलतात, पण एक मूठ ओढली की बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटतं. हार्नेस बसला आहे की नाही हे पाहताना आज जिच्याकडे आधी नजर जाते, ती मोठी कडी यातलीच.

या बदलांबरोबर पिशवीच्या मापाचा, म्हणजे कंटेनरचा, नवा प्रश्न उभा राहिला. चौकोनी पॅराशूटं वेगवेगळ्या आकारांत मिळतात आणि पिशवी त्या आकारानुसारच घ्यावी लागते. पिशवी लहान आणि पॅराशूट मोठं असेल तर कोंबून भरावं लागतं. बंद करणाऱ्या फासावर ताण वाढतो, पिन ओढायला जड जाते आणि आतलं गाठोडं बाहेर यायला जास्त जोर लागतो. राखीव पॅराशूटच्या बाबतीत ही जीवघेणी गोष्ट आहे. १९९१पासून मिळणारी सायप्रससारखी स्वयंचलित यंत्रं ठरावीक उंचीला फास कापतात, पण गाठोडं ओढून काढायचं काम छोट्या स्प्रिंगच्या पॅराशूटलाच करावं लागतं. उलट, पिशवी मोठी आणि पॅराशूट लहान असेल तर फास ढिला राहतो. पिन अवेळी सुटून विमानाच्या दारातच पॅराशूट उघडण्याचा धोका असतो. एकाच क्षेत्रफळाची दोन पॅराशूटं कापडाच्या प्रकारामुळे कमी-जास्त जागा घेतात, हे वर आणखी.

आणि इथे पुन्हा शरीर येतं. पॅराशूटचा आकार ठरवताना अंगावरच्या साहित्यासकट एकूण वजनाला क्षेत्रफळानं भागतात. नवशिक्यांना सुरक्षित म्हणून मोठं पॅराशूट देतात. समजा ते २३० चौरस फुटांचं आहे. ८० किलोचा माणूस साहित्यासकट सुमारे २०० पौंड भरतो, म्हणजे दर चौरस फुटाला ०.८७ पौंड. मी भरेन सुमारे ११८ पौंड, म्हणजे ०.५१. तेच पॅराशूट मला फार हळू पुढे नेईल आणि वारा जरा वाढला की मागे ढकलत नेईल. शिवाय त्या मोठ्या पॅराशूटची पिशवी माझ्या खांद्यांपेक्षा रुंद, तिचे पट्टे माझ्या धडापेक्षा लांब. 'मोठं म्हणजे सुरक्षित' हा नियमसुद्धा कुणाच्या तरी शरीरावरून निघालेला आहे.

यावर उपाय निघाला, आणि तो अगदी जुना आहे. आज स्वतःची रिग घेणारा माणूस निर्मात्याला छाती, कंबर, धड, मांडी, पायाची आतली लांबी अशी मापं पाठवतो आणि त्याच्यासाठी हार्नेस शिवला जातो. म्हणजे कोटपॅकपासून निघालेली गाडी कोठारातून फिरून पुन्हा शिंप्याच्या दारात आली! फक्त मापानं शिवलेला हार्नेस मिळतो तो ज्याला परवडतो आणि ज्यानं हा खेळ धरून ठेवला त्याला. नवशिका, भाड्यानं घेणारा, एकदाच टॅन्डम करणारा, या सगळ्यांच्या वाट्याला सरकपट्टीच येते. ज्याला धोका ओळखायची सवय नाही त्याच्याच अंगावर सगळ्यात कमी बसणारी वस्तू, असा हा उलटा हिशोब आहे.

टोकं हलतात, पण कुणी हलवली तर

सरकपट्टीची टोकं आपोआप सरकत नाहीत. १९९३मध्ये अमेरिकेत बायकांना लढाऊ विमानं उडवायची परवानगी मिळाली. तेव्हा नव्या प्रशिक्षण विमानासाठी बसलेल्या माणसाची किमान उंची ३४ इंच ठरलेली होती. ती ३२.८ इंचांवर आणावी लागली, नाहीतर परवानगी कागदावरच राहिली असती. ऑगस्ट २०१५मध्ये एफ-३५ विमान १३६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ६२ किलोंपेक्षा, कमी वजनाच्या वैमानिकांना बंद झालं, कारण सीटसकट बाहेर फेकलं जाताना हलक्या माणसाच्या मानेला धोका होता. मग हेल्मेट हलकं केलं, हलक्या वैमानिकासाठी मुख्य पॅराशूट किंचित उशिरा उघडेल अशी कळ बसवली, पॅराशूटच्या पट्ट्यांमध्ये डोक्याला आधार देणारं कापड शिवलं. २०१७मध्ये बंदी उठली. आणि अमेरिकन हवाई दलानं नवी विमानं बेतताना १९६७ सालच्या पुरुष वैमानिकांच्या मापांऐवजी भरतीयोग्य स्त्री-पुरुषांची मापं धरायची, असं ठरवलं ते २०२०मध्ये. १९६७ ते २०२०. म्हणजे माझ्या आईचं अख्खं आयुष्य.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार आवडतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांनी थायलंडमध्ये पटायाजवळ सुमारे १३,००० फुटांवरून उडी मारली, ती नऊवारी नेसून. बातम्यांत कौतुक झालं ते साडीचं. मी फोटो पाहिले ते मांडीपट्टे शोधत! पाचवारीवर मांडीपट्टे चढवायचे तर ती गोळा करून वर खोचावी लागेल. नऊवारीला कासोटा असतो, दोन पाय वेगळे असतात, म्हणून पट्टे जिथे बसायला हवेत तिथेच बसू शकतात. शेतात राबताना, घोड्यावर बसताना नऊवारी का सोयीची, तेच कारण. शंभर वर्षांपूर्वी टायनी ब्रॉडविकसुद्धा जत्रेत झालरीची विजार घालूनच उडायची.

आता तुमच्यासाठी. टॅन्डमला जाणार असाल तर वजनाबरोबर उंचीही आधीच कळवा आणि लहान मापाचा हार्नेस आहे का ते विचारा. पट्टे बांधल्यावर नुसतं उभं राहून 'ठीक आहे' म्हणू नका. कमरेत वाका, गुडघे वर घ्या आणि मागे मूठ शिरते का ते प्रशिक्षकाला पाहायला सांगा. मांडीपट्टे जांघेशी असायला हवेत, मांडीच्या मध्यावर नाही. जुनी रिग विकत घेणार असाल तर ती अंगात घालून लटकून पाहा, आणि तुमचं पॅराशूट त्या पिशवीसाठी आहे का हे रिगरकडून तपासून घ्या. स्वतःची मापं स्वतः घेऊ नका, दुसऱ्याला घ्यायला सांगा. शिंपीसुद्धा स्वतःची पाठ मोजू शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा गेले, दुसऱ्या ठिकाणी. तिथे लहान मापाचा हार्नेस होता, मागच्या जास्तीच्या पट्ट्यासकट. मी न सांगता वाकले, गुडघे वर घेतले. प्रशिक्षक ताईंनी हात घालून पाहिला, बोटं तेवढी शिरली. पॅराशूट उघडलं तेव्हा ती तीन पोती मांड्यांवर बरोबर जिथे यायला हवीत तिथे आली.

खाली उतरल्यावर मला आठवला तो पहिला प्रशिक्षक. सगळी रांग खोळंबलेली असताना, पैसे परत करायला लागणार हे माहीत असताना, तो "आज नको" म्हणाला होता. मी तेव्हा त्याला थँक यू म्हटलं नव्हतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याच्यासाठी एक ओळ राखून ठेवली आहे.